ऑस्टिन झाली, आता कोण?

प्रश्न: जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' जाम आवडलं. पुढे ब्राँटे बहिणी वाचू की जॉर्ज इलियट?

उत्तर: ऑस्टिनचा तिरकस विनोद ब्राँटेंकडे शोधायला जाऊ नका, तिथे सगळं वादळी, शार्लटची 'जेन एअर' आणि एमिलीची 'वदरिंग हाइट्स' दोन्ही १८४७ च्या, पण एमिलीची माणसं इतकी कडवट की काहीजण अर्ध्यातच पुस्तक मिटतात. मी तर धाकट्या ॲनची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' सुचवेन, दारुड्या नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन निघून जाणारी बाई, तेही १८४८ मध्ये! (बहिणींच्या नावापुढे ॲन उगाच मागे पडली बिचारी.) इलियटची 'मिडलमार्च' थोरच, फसलेली लग्नं काय समजून लिहिलीयत, पण जाडजूड आहे, निवांत वेळ असेल तरच हात घाला. आणि ऑस्टिनचीच 'पर्स्वेजन' राहिली असेल तर आधी ती.