घूस एकटी, मग तो बिनकेसाचा उंदीर गोतावळ्यात का?

प्रश्न (खानापूर तालुक्यातले एक शेतकरी वाचक): सुगीच्या टायमाला बांधावरचं बीळ उकरलं की आत भाताच्या लोंब्यांचा ढीग सापडतोय, पण घूस एकच. एकदा तेवढी एकीबरोबर सात-आठ पिल्लं मिळाली. आता नातू मोबाईलवर आफ्रिकेतला बिनकेसाचा उंदीर दाखवतोय, त्यांच्यात म्हणे मधमाश्यांसारखी राणी असते आणि सगळे एकत्र राहतात. दोघंही कुरतडणारेच, मग असं का?

उत्तर: नातवानं दाखवलंय ते अगदी खरंय. नेकेड मोल रॅट म्हणतात त्याला, केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या कोरड्या भागात जमिनीखाली राहतो, एका वसाहतीत साधारण 70-80 जण, कधी 300 पर्यंत. एकच मादी विते, बाकीचे खणतात, राखण करतात, पिल्लं सांभाळतात. प्राणीशास्त्रज्ञ जेनिफर जार्विस यांनी 1981 मध्ये हे मांडलं, तोवर सस्तन प्राण्यात असं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

आता का, तर मला वाटतं उत्तर जमिनीतच आहे. मे महिन्यात वळीव पडायच्या आधी माळावर कुदळ मारून बघितली असालच, ठण्ण करून हाताला झिणझिण्या येतात आणि ढेकूळ काय निघत नाही. या उंदराची जमीन वर्षातले बरेच महिने तशीच, आणि खाणं म्हणजे मातीतले कंद, आपल्या सुरणासारखे मोठे पण लांब लांब विखुरलेले, बोगदा खणता खणता धडकला तर धडकला. एकटा निघाला तर कंद लागायच्या आधीच उपाशी मरायचा. म्हणून पाऊस पडून माती मऊ झाली की सगळे रांगेत लागतात, पुढचा दातानं माती फोडतो (दात ओठांच्या बाहेर असतात, त्यामुळं तोंडात माती जात नाही), मधले ती पायानं मागं मागं सारत नेतात आणि शेवटचा बिळाच्या तोंडाशी बसून लाथांनी बाहेर उडवतो. असं करत एका वसाहतीचे बोगदे 3 ते 5 किलोमीटर होतात बघा! आणि एक कंद लागला की तो सगळ्यांना बरेच दिवस पुरतो, पूर्ण संपवत पण नाहीत, थोडा ठेवला की परत भरतो.

शिवाय हे सगळे बहुतेक एकाच आईची लेकरं, त्यामुळं स्वतःला पिल्लं झाली नाहीत तरी भावंडं जगवली की आपलंच रक्त पुढं जातं. पिढ्यानपिढ्या घर सोडून जाणारे मरत गेले आणि थांबणाऱ्यांचा वंश टिकला, तेव्हा ही सवय अंगात मुरली.

मला सगळ्यात पटणारी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतल्या पट्टेवाल्या उंदराची आहे. तिथं गर्दी झाली, मोकळी जागा उरली नाही की पोरं मोठी होऊन पण आईबापाकडंच राहतात, आणि संख्या घटून जागा मोकळी झाली की तीच जात एकेकटी राहायला लागते. आपल्यात वाटणी करून वेगळं व्हायचं तर दुसरीकडं जमीन पाहिजे की, तसंच हे.

सगळीकडं कारण खणण्याचंच असतं असं पण नाही. अमेरिकेतल्या प्रेअरी डॉगना (नावात डॉग, पण खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी) उघड्या गवतात ससाणा, कोल्हा यांची भीती, एकानं ओरडून सांगितलं की बाकीचे बिळात. युरोपातल्या आल्प्सच्या डोंगरातले मार्मोट (ते पण खारीच्याच कुळातले, अंगानं मोठे) थंडीत एकमेकांना चिकटून झोपतात म्हणून पिल्लं वाचतात. पण एकत्र राहण्याची किंमत मोजावी लागतेच, पिसवा एकाच्या अंगावरनं दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि प्लेग शिरला की प्रेअरी डॉगची वसाहतच्या वसाहत साफ होते.

आता तुमची घूस. भाताचं शिवार, पाण्यानं मऊ झालेला बांध, खायला चार पावलांवर, मग तिला खणायला दुसरं कोण कशाला लागतंय? उलट तो लोंब्यांचा ढीग तिनं एकटीनं साठवलेला, दुसरी घूस आत आली म्हणजे चोरच, म्हणून ती अंगावर धावून जाते आणि बिळाचं तोंड मातीनं बुजवून घेते. तुम्हाला पिल्लांसकट मिळाली ती आई होती, लेकरं खायला-खणायला शिकली की आपापली निघून जातात. पुढच्या सुगीला त्याच बांधावर जवळपास ताज्या मातीचे नवीन ढीग दिसले तर त्यातली एखादी तिचीच लेक असेल.