आधी पोच घे

परळी वैजनाथ,
2 मार्च 2026

पोरी,

बाप थर्मलच्या राखेचा हायवा ट्रक चालवतो, आजी रात्रभर खोकते, आणि तू विचारतेस, "गुरुजी, तक्रार करू तरी कुणाची?" बापाची नाही, एवढं तर तुलाही कळतंय. त्याला पैसे खेपेवर मिळतात आणि राखेवर ताडपत्री बांधत बसलं की खेप बुडते. हा हिशेब त्यानं मांडलेला नाही. मांडणारा शोध. त्यासाठी वहीत लिही: तारीख, वेळ, वारा कुठून होता. अर्ज दिलास की पोच घे.

थर्मलचं वीजकेंद्र इथं 1971 पासून आहे. देशी कोळसा 100 किलो जाळला की 30 ते 40 किलो राख उरते. वीज सगळ्या राज्याला जाते, राख तेवढी आपल्या वाट्याला. काल गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. तासाभरानं ताटाच्या काठावर बोट फिरवलं तर करडी रेघ उमटली. आमच्या घरात अजून पहिली कुरडई फडक्यानं पुसून तळतात.

2013 साली पाण्याअभावी थर्मल बंद पडलं, तेव्हा दोरीवरची धोतरं पांढरी राहिली. पण कोपऱ्यावरच्या चहावाल्याची चूलही विझली. दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून 'बंद करा' ही घोषणा मी पुन्हा दिली नाही. जुने सोबती फितूर म्हणाले. म्हणोत. राख उडू देऊ नका, एवढंच मागणं आहे आणि ते कायद्यात बसतं.

माझं काय चुकलं, ते ऐक. दहा वर्षं मी भाषणं केली. टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आले. अर्जही दिले, पण 'साहेब ओळखीचे आहेत' म्हणून पोच मागायला लाज वाटली. पुढं एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, असा अर्ज आलेलाच नाही! मग पुण्याला, पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या हरित न्यायाधिकरणात जायचं ठरवलं. 2010 च्या त्या कायद्यात भरपाई मागायची तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. वकिलानं विचारलं, "पहिल्यांदा कधी?" मी म्हणालो, "लई वर्षं झाली की." त्यानं पेनाला टोपण लावलं.

आता मला 'पोचवाले गुरुजी' म्हणून हसतात. हसू देत. 2015 मध्ये केंद्रानं औष्णिक केंद्रांना नवी मानकं लावली. गंधकवायू कमी करायची मुदत सरकत सरकत गेली आणि 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना तो वायू धुणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. तेव्हाही माझ्या ओळखीतले मोर्चा काढू म्हणाले. काढा ना! पण धुळीची मर्यादा अजून आहे. 2003 ते 2016 मध्ये बसवलेल्या वीजसंचांना धुराच्या घनमीटरमागे 50 मिलिग्रॅम. चिमणीवर काय मोजलं गेलं, ते माहिती अधिकारात माग. उत्तराला 30 दिवस. मागितल्याची पोच घे. किती वेळा सांगू?

'लोक काय म्हणतील' हे तुझ्या पत्रात तीनदा आलंय. ते मी वाचलंच नाही असं समज.

रविवारी ये. बापालाही आण, खेपेचा दर त्याच्याच तोंडून ऐकायचाय. आणि वही घेऊन ये. पत्रावर तू तारीख घातलेली नाहीस.

तुझा,
गुरुजी