मनःस्थिती, यंत्र आणि तुझा प्रयोग

प्रिय संशोधक,

अनेक आशीर्वाद. आराखडा वाचला. मनःस्थितीमुळे यंत्रावरचा विश्वास कसा बदलतो, हा विषय चांगला आहे, पण सगळं मोजमाप एका प्रश्नावलीवर टांगलेलं आहे. यंत्रावर विश्वास आहे असं सांगणं वेगळं आणि त्याचं ऐकणं वेगळं. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या प्रयोगात धुरानं भरलेल्या इमारतीतून २६ जण रोबोटच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी तोच रोबोट थोड्या वेळापूर्वी चुकताना पाहिला होता! प्रश्नावलीतून हे कधीच कळलं नसतं.

बॅगांच्या एक्स-रे चित्रांत यंत्राच्या सल्ल्यानं चाकूसारख्या वस्तू शोधायचं काम ठीक आहे. आधी माणसाचं स्वतःचं उत्तर घे, मग यंत्राचा सल्ला दाखव, मग अंतिम उत्तर. दोघांचं आधी जुळलं नव्हतं तिथेच किती जणांनी मत बदललं ते मोज. यंत्र बरोबर असताना आणि चूक असताना, हे आकडे वेगळे ठेव. दोन्ही वाढले तर तो आंधळेपणा आहे. यंत्राची अचूकता ८० टक्के ठेवायची तर माणसाची त्याहून कमी हवी, नाहीतर न ऐकणंच शहाणपणाचं. हे पूर्वचाचणीत तपास.

यंत्राच्या चुकांचा क्रम सर्व गटांना एकच दे. स्पष्ट दिसणारा चाकू यंत्रानं सोडला, की विश्वास फार घसरतो; अवघड चित्रातली चूक लोक माफ करतात. हा फरक सांभाळला नाहीस तर निकाल भावनेचा नसून चित्रांचा असेल.

'नकारात्मक भावना' असा एक गट करू नकोस. भीतीनं धोका मोठा वाटतो, रागानं लहान. तीन गट कर: भीती, राग, तटस्थ.

भावना जागवायला दाखवलेल्या चित्रफितीचा परिणाम काही मिनिटांत विरतो, म्हणून लगेच काम सुरू कर आणि मध्यावर पुन्हा मनःस्थिती विचार, तीही दोन-तीन शब्दांत. मनःस्थिती मोजणारी २० शब्दांची यादी तिथे जड होईल. चित्रफीत वेगळ्या अभ्यासाची म्हणून दाखव. ही भावना त्या चित्रफितीमुळे आली, असं लक्षात आलं की लोक तिला बाजूला सारतात. मात्र शेवटी खरं सांगायचंच, आणि भीतीच्या गटाला हलकीफुलकी चित्रफीत दाखवल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. नैतिकता समितीच्या अर्जात दोन्ही लिही.

पूर्वचाचणीचे आकडे आले, की आधी माणसाची एकट्याची अचूकता मला कळव.