सरपंचपद राखीव निघालं आणि गावात धुसफूस सुरू झाली

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावचं सरपंचपद सोडतीत अनुसूचित जातीसाठी निघालंय. गावात त्या समाजाची जेमतेम वीसेक घरं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तेच चाललंय, 'एवढ्याशा लोकांसाठी अख्ख्या गावानं पाच वर्षं थांबायचं का', 'जात नको, लायक माणूस द्या'. मी मराठा आहे, मित्रही सगळे आमच्यातलेच. मला त्यांचं पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. काय सांगू?
(एक तरुण वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : दादा, आधी त्या 'लायक' शब्दाचं बघू, कारण तो शब्द फक्त राखीव सोडत निघाली की बाहेर येतो. पद खुलं असतं तेव्हा कोणी उमेदवाराची परीक्षा घेतं का? पॅनेल कुणाचं, भावकी केवढी, मागच्या वेळी कोण पडलं याच्यावर ठरतं सगळं, आणि त्यातून कधी चांगला माणूस येतो कधी नाही येत, पण तेव्हा ग्रुपवर कोणी लायकीचा मेसेज टाकत नाही. मित्रांना एवढं तर विचाराच.

आता मुख्य मुद्दा. वीस घरांना कशाला पद, असं म्हणणाऱ्यांना वाटतं की आपण सगळ्यांचं बघतोच की. पण गाव चालवताना सगळं दिसतच नाही हो. मी बातमीदार होतो तेव्हा बऱ्याच ग्रामसभांना बसलोय. एका गावात ग्रामसेवकांनी कामांची यादी वाचली, काँक्रीट रस्ता, कमान, सभामंडप, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मागे दाराजवळ उभी असलेली एक बाई म्हणाली, आमच्या स्मशानाकडं जायला पावसाळ्यात वाट नाही, गुडघाभर चिखलातनं मयत न्यावी लागते. सगळे गप्प. तिथे बसलेले लोक वाईट नव्हते, त्यातले दोघंतिघं मला चांगले माहिती होते. पण त्या वाटेनं त्यांच्यापैकी कोणी कधी गेलंच नव्हतं, त्यांच्या समाजाची स्मशानभूमी दुसरीकडे, डांबरी रस्त्याला लागून. त्यामुळे तो विषय कधी विषयपत्रिकेवर आलाच नाही आणि जे विषयपत्रिकेवर येत नाही ते प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, येत नाही, प्रोसिडिंगमध्ये नाही म्हणजे त्याला पैसा नाही. त्या वाटेनं जाणारा एक जरी माणूस टेबलाच्या आतल्या बाजूला असता तर हा प्रश्न कितीतरी वर्षं आधी निघाला असता.

डॉ. आंबेडकरांनी हे १९१९ मध्येच सांगितलं होतं. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर, आणि मतदानाचा हक्क कोणाला द्यायचा हे ठरवायला आलेल्या साउथबरो कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्यांचं म्हणणं असं की नुसतं मतदार असून भागत नाही, कायदा करणाऱ्यांतही आपली माणसं हवीत, नाहीतर जे कायदा करू शकतात ते नुसतं मत देणाऱ्यांचे मालक होतात. आणि पुढे महाडला काय झालं ते बघा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास करून घेतला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर सगळं झालं होतं, करणारी माणसंही मनापासून करणारी होती. पण तळ्यावर जायला कोणी धजावत नव्हतं, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन स्वतः तळ्यावर गेले तेव्हा कुठे ते पाणी प्यायलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागेही घेतला. तळ्याच्या खटल्यात हायकोर्टाचा शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं यायला १९३७ उजाडलं. दुसऱ्यांच्या भरवशावर मिळालेला हक्क असा सहज काढून घेता येतो, म्हणून आतमध्ये आपला माणूस लागतो.

मित्र म्हणतील हे जुनं झालं. मग नवीन सांगा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली, पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्याकडे महिलांचं ते २०११ पासून निम्मं झालंय. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (डुफ्लो यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) या अभ्यासकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासल्या. कुठलं प्रधानपद (म्हणजे आपलं सरपंचपद) बाईसाठी राखीव निघेल हे कोणाच्या मर्जीवर नव्हतं त्यामुळे तुलना सरळ होती. दिसलं असं की जिथे प्रधान बाई तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. राजस्थानात बायकांच्या तक्रारी पाण्याच्या आणि पुरुषांच्या रस्त्याच्या, तर बाई प्रधान असलेल्या गावांत पाण्यावर जास्त आणि रस्त्यावर कमी खर्च झाला. डोक्यावर हंडा कोण वाहतं हे माहिती असलं की निधी तिकडे वळतो, साधी गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या मित्रांची नाही, तुमची सांगतो, कारण खरी अडचण तिथे येणार आहे. पद राखीव असलं तरी मत अख्खं गाव देतं. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा पण संयुक्त मतदार असं ठरलं, तीच पद्धत आजही आहे. त्यामुळे गावातले जुने पुढारी काय करतात, त्या वीस घरांतला त्यातल्या त्यात गरीब, आपल्या शेतात कामाला येणारा, न बोलणारा माणूस शोधतात, त्याला निवडून आणतात आणि पाच वर्षं त्याच्या घरी वही पाठवून सह्या आणतात. नंतर तेच लोक म्हणतात बघा, राखीव सरपंचाला काही कळत नाही. मला याचा मनापासून संताप येतो. माणसाला मुद्दाम मुका करायचा आणि मग त्याला बोलता येत नाही म्हणून हिणवायचं.

तुम्ही मराठा आहात म्हणूनच तुम्ही इथे उपयोगी पडाल. त्या वस्तीत जा आणि त्यांना कोण उभं राहायला हवंय ते त्यांनाच विचारा, पॅनेलप्रमुखाला नाही. जो कोणी उभा राहील त्याला जात पडताळणीचा अर्ज वेळेत टाकायला मदत करा, निवडून आल्यावर मुदतीत व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, दिलं नाही तर पद जातं आणि हे माहिती नसल्यामुळे कित्येकांचं गेलंय. निवडणुकीनंतर ग्रामसभेला जात राहा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. त्याचा हिशेब सरपंच एकटा मागायला लागला की त्याला एकटं पाडतात. तुम्ही आणि अजून दोघं मागे उभे राहिलात तर चित्र वेगळं दिसेल.

प्रश्न : मी मुस्लिम आहे, शिक्षिका. आमच्यासाठी राखीव जागा नाहीत, आणि पक्ष आम्हाला तिकीट देतात तेही आमच्याच वस्तीच्या वॉर्डातून. मग आमचं प्रतिनिधित्व म्हणजे एवढंच का?
(एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, धर्मावर राखीव जागा नकोत हे घटना समितीनं मे १९४९ मध्ये ठरवलं, त्यामुळे तिकीट द्यायचं की नाही हे पूर्णपणे पक्षांच्या हातात गेलं आणि तुम्ही म्हणता तसा हिशेब सुरू झाला. पण मुसलमान माणूस फक्त मुसलमानांचंच काम करेल हे गृहीतच चूक आहे. श्रीवर्धनहून निवडून येणारे अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड त्यांच्या काळात झालं, सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ मध्ये झाले तेही त्यांच्याच काळात. त्यांच्यावर आरोप झाले, १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला, ते आहेच. पण अख्ख्या राज्याचा कारभार त्यांनी हाकला.

मला जास्त खुपतं ते खालचं. शांतता समितीच्या बैठकीला मुस्लिम माणसाला आवर्जून बोलावतात, पाणीपुरवठ्याच्या बैठकीला बोलावत नाहीत. म्हणजे तुमची आठवण फक्त सण आणि तणाव असेल तेव्हाच. तुम्ही शिक्षिका आहात तर शाळा व्यवस्थापन समितीपासून सुरुवात करा. शिक्षण हक्क कायद्यात त्या समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित, दुर्बल गटातल्या पालकांना प्रमाणात जागा असं लिहिलंय. तुमच्या शाळेत पोरं कोणाची आहेत आणि समितीत नावं कोणाची आहेत ते एकदा ताडून बघा, आणि फरक दिसला तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या.

प्रश्न : मी तृतीयपंथी आहे, स्वतःला स्त्री मानते. ग्रामपंचायतीला महिला राखीव वॉर्डातून फॉर्म भरला तर चालेल का? लोक म्हणतात बाद होईल.
(एक वाचक, मराठवाडा)

उत्तर : भरा. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलंय की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला असाच फॉर्म आधी बाद झाला होता, अंजली पाटील औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी २०२१ मध्ये कोर्टानं त्यांना महिला राखीव जागेवरून लढायला परवानगी दिली आणि त्या निवडूनही आल्या. सोलापूर जिल्ह्यात तरंगफळला तर २०१७ मध्येच तृतीयपंथी सरपंच झाले. कागद मात्र आत्तापासून जुळवा, जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र, आधार आणि मतदार यादी या तिन्हीत नाव आणि लिंग एकच हवं, छाननीत अडवतात ते तिथेच. आणि छाननीच्या दिवशी खंडपीठाच्या त्या आदेशाची प्रत आणि एखादा वकील सोबत ठेवा.