शरीरातून जाणारा सिग्नल आणि शाखेची निवड

प्रश्न : मुलगी सांगलीत बारावी सायन्सला आहे. घड्याळ आणि कानातलं यंत्र एकमेकांना हवेतून नाही, तर अंगातूनच सिग्नल पाठवू शकतात, असं तिने वाचलं. आता त्यातच शिकायचं म्हणते. घरचे म्हणतात कॉम्प्युटर घे. मला तर अंगातून करंट जाणार याचीच धास्ती वाटते. – एक आई, तासगाव

उत्तर : ताई, आधी धास्तीचं बोलू. अंगातली चरबी सांगणारा डिजिटल वजनकाटा पायांतून बारीकसा करंट सोडूनच ती मोजतो. अंगातून जाणाऱ्या या सिग्नलचा करंटही मायक्रोअँपिअरमधला, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागात मोजण्याइतका. पेसमेकर असलेल्यांना मात्र तो काटा वापरू नका असं सांगतात. असा करंट कुणाला चालतो, कुणाला नाही, याच्या चाचण्या करणं हेही याच क्षेत्रातलं काम आहे.

मुलीने वाचलंय ते खरं आहे. एमआयटीतल्या थॉमस झिमरमन यांनी 1996 च्या सुमारास, नुसत्या हस्तांदोलनातून एकाची माहिती दुसऱ्याच्या यंत्रात पोचवून दाखवली होती. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतं. त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ती खोलीभर पसरते आणि शरीर मध्ये आलं की बरीचशी शोषली जाते. काही मेगाहर्ट्‌झच्या सिग्नलची लहर मात्र कित्येक मीटर लांब असते. तिच्यापुढे माणूस इतका लहान, की सिग्नल बाहेर फारसा फेकला जात नाही, अंगाच्या वीतभर अंतरातच राहतो. बॅटरी वाचते, चोरून ऐकणंही अवघड होतं.

खरी अडचण परतीच्या वाटेची आहे. सर्किट पुरं व्हायला करंट परत यावा लागतो, आणि इथे तो यंत्र, हवा आणि जमीन यांच्यातल्या अगदी चिमुकल्या कपॅसिटन्समधून, म्हणजे थेट तार न जोडता वीज साठवण्याच्या क्षमतेतून येतो. माणूस बसला, उठला, भिंतीला टेकला, की सिग्नल बदलतो. बारावीतला कपॅसिटरचा धडा तिला मनापासून आवडत असेल, तर हा विषय तिचा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत : ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्या. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात याच विषयावर नावाजलेलं काम करणारे श्रेयस सेन कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून गेले. तुमच्याजवळ सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. एवढ्या एका विषयात नोकऱ्या आज मोजक्याच आहेत, हे तिला आत्ताच सांगा. पण याच शिक्षणावर चिप डिझाइन, एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर) आणि वैद्यकीय उपकरणांची दारं उघडतात. कॉम्प्युटर वाईट नाही, पण तिचा प्रश्न सर्किटचा आहे, आणि कोडिंग या शाखेतही शिकवतात. बायोमेडिकलला पदवीनंतरही वळता येतं. एमटेकच्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेत बायोमेडिकलचा वेगळा पेपर 2020 पासून आहे.

कॅपचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी ओळखीच्या प्राध्यापकांना विचारून तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये घेऊन जा. त्यांच्या देखरेखीखाली तिला ऑसिलोस्कोपच्या (विजेची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबच्या टोकाला बोट लावू द्या. पडद्यावर 50 हर्ट्‌झची लहर उमटेल, कारण खोलीतल्या वायरिंगमधली वीज तिचं शरीर आत्ताही टिपतंय. ती तिथे किती वेळ रमते आणि काय काय विचारते, ते बघून फॉर्म भरा.