अपघातानंतरची धडधड जात नाही; स्वतःशी मायेनं वागायचं म्हणजे नक्की काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की अपघाताला दोन वर्षं झाली तरी ट्रकचा हॉर्न ऐकला की हातपाय गार पडतात, आणि 'मी अजून अशी कशी' म्हणून स्वतःचाच राग येतो. तुमचा ट्रक, माझा पत्र्यावरचा पाऊस.

ऑगस्ट 2019 चा पूर. आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेकाठी. यमगर्णीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली होती, त्याच दिवसांत आमच्या गोठ्यात पाणी शिरलं. म्हैस सोडवली. रेडकाचं दावं भिजून फुगलेलं, गाठ सुटेना, विळा घरात राहिलेला. पाणी छातीला लागलं तसं काकांनी मला ओढून बाहेर काढलं. रेडकू तिथंच राहिलं.

पुढं बेळगावात वडगावला खोली घेतली, वर पत्रा. पावसाचा सडाका आला की बोटं आपोआप गाठ सोडवल्यासारखी हलायची, छातीत धडधड. वर मी स्वतःला सुनवायचो, "लोकांची घरं गेली आणि तू रेडकासाठी रडतोस?" धडधड थोड्या वेळात उतरायची, ही बोलणी रात्रभर.

धारवाडला ज्यांना दाखवलं त्या डॉक्टर मॅडम कन्नड, माझं कन्नड बाजारापुरतं. मोडकंतोडकं बोलत सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हैस बुजली तर काय करता? म्हटलं, पाठीवर हात ठेवायचा, 'हो, हो' म्हणायचं, जरा उभं राहायचं. "मारत नाही?" मारलं तर दावं तोडून पळेल की! बोललो आणि गप्प बसलो.

मेंदूतला अमिग्डला धोक्याची घंटा वाजवतो. आवाज जुळला की झालं, पूर कधीच ओसरला हे तो बघत बसत नाही. आपण स्वतःला घातलेल्या शिव्याही शरीराला धोकाच वाटतात, म्हणून घंटा थांबत नाही. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये स्वतःशी मायेनं वागण्याची तीन अंगं मांडली: स्वतःला न झोडपणं, जे होतंय ते जसंच्या तसं ओळखणं, आणि असं होणारे आपण एकटे नाही हे जाणणं. तिसरं मला पटत नव्हतं. मग कळलं, मला ओढून काढणारे काका जुलै लागला की पूल ओलांडायचं टाळतात. कुणाला बोलले नव्हते.

मी काय करतो? छातीवर तळवा ठेवतो. श्वास घेतो त्यापेक्षा जास्त वेळ सोडतो. लांब श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचंच काम आहे. आणि एक वाक्य, गावच्या बोलीत: "भ्यालास व्हय? असू दे. हाय मी." 'मी स्वतःवर प्रेम करतो' असलं पुस्तकी वाक्य म्हणून बघितलं होतं, हसूच आलं.

एक गोष्ट मात्र आधी कुणी सांगत नाही. सुरुवातीला बरं वाटायच्या ऐवजी जास्त रडू येतं. मला चार-पाच दिवस वाटलं, हे आपल्याला उलटं पडलं. बंद खोलीतल्या आगीला दार उघडून हवा मिळाली की ज्वाला उसळते, तसं हे. याला 'बॅकड्राफ्ट' म्हणतात. अशा वेळी थांबायचं. पाय जमिनीवर टेकवायचे, गार पाण्यानं तोंड धुवायचं. ओढून ताणून करायचं नाही.

अपघात डोळ्यासमोर पुन्हा पुन्हा येत असेल, झोप उडाली असेल, तर एवढ्यावर भागणार नाही. आघातासाठी खास सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा, बोलून करायचा उपचार) आणि ईएमडीआर (डोळे इकडून तिकडे हलवत ती आठवण हाताळायचा उपचार) असे उपचार आहेत, ते जाणकारांकडूनच घ्यायचे. धारवाडला डिमहॅन्स हे मानसिक आजारांचं सरकारी रुग्णालय आहे. जाणं होत नसेल तर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो. मरणाचे विचार येत असतील तर आजच लावा.

आणि सुरुवात हॉर्नपासून नको. कुकरच्या शिट्टीनं किंवा दार आपटल्यानं दचकता का? आधी त्यावर करून बघा, हॉर्नचं नंतर.