अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनापतींबद्दल फारशा माहीत नसलेल्या गोष्टी कोणत्या?

मला सगळ्यात जास्त भिडते ती उत्तरेचा सेनापती ग्रँट आणि दक्षिणेचा सेनापती बकनर यांची गोष्ट. दोघे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतले दोस्त. १८५४ मध्ये ग्रँटने सैन्य सोडलं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याचा खिसा रिकामा होता. हॉटेलच्या बिलाला बकनर जामीन राहिला. आठ वर्षांनी, फेब्रुवारी १८६२ मध्ये, दक्षिणेच्या बाजूने डोनेल्सन किल्ला लढवणाऱ्या याच बकनरला ग्रँटपुढे शरण यावं लागलं, तेही बिनशर्त. ग्रँटने मात्र त्याला बाजूला घेऊन पैशांची मदत देऊ केली. १८८५ मध्ये घशाच्या कॅन्सरने ग्रँटचा आवाज गेला होता. बकनर भेटायला आला तेव्हा ग्रँट चिठ्ठ्यांवर लिहून बोलला. काही दिवसांनी त्याच्या अंत्ययात्रेत बकनरही मानकऱ्यांमध्ये होता.

दक्षिणेचाच आणखी एक सेनापती जॉन्स्टन, त्याचंही तसंच. १८६५ मध्ये तो उत्तरेचा सेनापती शर्मन याला शरण आला, पुढे दोघांची मैत्री जमली. फेब्रुवारी १८९१ मध्ये शर्मनच्या अंत्यविधीला ८४ वर्षांचा जॉन्स्टन कडाक्याच्या थंडीत उघड्या डोक्याने उभा राहिला. टोपी घाला म्हणून सांगितलं तरी ऐकलं नाही. महिनाभरात न्यूमोनियाने तोही गेला.

आणि हो, ग्रँटचं मूळ नाव हायरम युलिसिस. अकादमीच्या शिफारसपत्रात चुकून ‘युलिसिस एस.’ लिहिलं गेलं आणि तेच कायम राहिलं. इतक्या लढाया लढलेल्या या माणसाला रक्त बघवत नसे. मांस अगदी काळं होईपर्यंत भाजलेलं लागे.